दीड स्टॉप जास्त

माझ्या मावशीचे कान फार तिखट. आमच्या इमारतीची लिफ्ट बिघडणार हे तिला दोन दिवस आधी कळतं. मी घरात शिरताना चप्पल कशी काढली यावरून दुकानात माझं कुणाशी वाजलंय का, हेही तिला कळतं. लपवाछपवीला घरात वावच नाही. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते आणि संध्याकाळी घरी येऊन हिच्या कानांना भिऊन राहते, असा एकूण प्रकार आहे.

हे कान तयार झाले कारखान्यात. एकोणिसाव्या वर्षी मावशी कॅमेऱ्यांच्या कारखान्यात लागली आणि तो बंद पडेपर्यंत, म्हणजे चौदा वर्षं, एकाच टेबलावर बसली. काम एकच, तयार झालेल्या कॅमेऱ्याचं ऑटो बरोबर चालतंय का ते बघायचं. तेव्हा फोटो फिल्मवर निघायचे. ऑटो म्हणजे समोर उजेड किती आहे ते कॅमेऱ्यानं स्वतः जोखायचं आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते स्वतःच ठरवायचं. जोखण्यात चूक झाली की फोटो काळाकुट्ट तरी, नाही तर पांढराफटक तरी. मावशी दिवसाला सत्तर-ऐंशी कॅमेरे उजेडाच्या पेटीसमोर लावायची, बटण दाबायची आणि मीटरचा काटा बघून ओरडायची, "पाव कमी! अर्धा जास्त! ठीक!" हा पाव, हा अर्धा म्हणजे स्टॉपचा. एक स्टॉप जास्त म्हणजे उजेड दुप्पट, एक कमी म्हणजे निम्मा. पुढं पुढं तिला काटा बघायचीही गरज उरली नाही, नुसत्या शटरच्या आवाजावरून सांगायची. म्हणून तिथल्या मुलींनी तिचं नाव ठेवलं पावकी.

घरातही तेच. आमटीत मीठ "पाव कमी" असतं, माझा आवाज "अर्धा जास्त" असतो. "ठीक" हा शब्द मी वर्षातून दोनदा ऐकला असेल.

कारखाना बंद झाल्यावर ती एका दवाखान्यात एक्स-रे धुवायच्या अंधाऱ्या खोलीत लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. लग्न केलं नाही. माझी आई तिची धाकटी बहीण. आईचं सगळं शिक्षण मावशीच्या पगारावर झालं आणि आई गेल्यावर मी मावशीकडे राहायला आले, त्याला आता नऊ वर्षं होतील. मी एकदा तिला स्पष्टच विचारलं होतं, "मावशी, तू लग्न का नाही केलंस गं?" ती म्हणाली, "वेळ नाही मिळाला." सेकंदाचे तुकडे मोजण्यात आयुष्य घालवलेली बाई आणि म्हणे वेळ नाही मिळाला! पण तिचा चेहरा बघून मी विषय बदलला.

आता या गोष्टीत मी काय केलं ते सांगते. मला जुन्या कॅमेऱ्यांचा नाद आहे. जुन्या सामानाच्या एका टपरीवर मला तिच्याच कारखान्याचा कॅमेरा दिसला, नाव अजून शाबूत, पण लेन्स नव्हती. त्या कारखान्याच्या लेन्सा आता कुठं मिळतच नाहीत आणि दुसऱ्यांच्या त्याला बसत नाहीत. मी म्हटलं, हात्तिच्या, मध्ये एक जोडरिंग लावली की झालं. एका लेथवाल्याकडून रिंग कातून घेतली, माझ्याकडची दुसऱ्या कंपनीची जुनी लेन्स त्यावर चढवली आणि एक रोल काढून मगच कॅमेरा मावशीसमोर ठेवला. मला तिला खूश करायचं होतं. एवढंच.

तिनं कॅमेरा डोळ्याला नाही लावला, कानाला लावला. बटण दाबलं. "अगं बाई," म्हणाली, "हा अजून बोलतोय." आणि तिनं तो मांडीवर ठेवून पदरानं पुसला. मला भरून आलं. दोन मिनिटांनी धुतलेल्या रोलचे फोटो दाखवले आणि सगळा आनंद संपला. फोटोतली माणसं पिठात लोळून आल्यासारखी. नाकं नाहीत, कपाळं नाहीत, शेजारच्या काकूंचे तर नुसते डोळे आणि कानातले.

"दीड जास्त," मावशी म्हणाली.

"रिंगेमुळे असेल," मी म्हटलं. "परकी लेन्स, परकी रिंग. कॅमेऱ्याला समजत नसेल."

"कॅमेऱ्याला काय समजायचंय? आत आलेला उजेड तेवढा त्याला मोजायचा. लेन्स कुणाची का असेना." मग तिनं माझ्या पेटीतला बारीक स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि तळाची पट्टी उघडली. तीन स्क्रू, तिन्ही कसे काढायचे ते तिच्या बोटांना माहीत होतं. आत एक नंबर कोरलेला होता आणि शेजारी शेजारी रंगाचे दोन ठिपके, एक जांभळा, एक पिवळा.

तिनं नंबर वाचला आणि पट्टी तशीच हातात धरून बसली. मग म्हणाली, "जांभळा ठिपका माझा. तपासून ठीक झाला की मी लावायची."

"आणि पिवळा?"

"त्याचा."

'तो' म्हणजे कोण हे विचारायला मी वेडी नव्हते. चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसाला बाई नाव न घेता 'तो' म्हणते तेव्हा तो नुसता सहकारी नसतो. मी चहा टाकला, तिच्या समोर बसले आणि म्हटलं, "सांग." आणि तिनं सांगितलं. नऊ वर्षं एका घरात राहतोय आम्ही, आणि ही बाई एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून माझ्या चपलांचे आवाज ऐकत बसली होती!

तो तिच्या समोरच्या टेबलावर बसायचा. मावशीनं आकडा ओरडला की कॅमेऱ्याचं वरचं झाकण काढून आतला एक स्क्रू तेवढा फिरवायचा, हे त्याचं काम. हात फार हलका. स्क्रूला हात लावण्याआधी त्यावर फुंकर घालायची सवय, म्हणून त्याला सगळे फुंकऱ्या म्हणायचे. चार वर्षं समोरासमोर बसून दोघांचं जमलं. सगळ्या कारखान्याला माहीत होतं, पॅकिंगमधल्या मैत्रिणीनं तर बारशाची नावंसुद्धा काढून ठेवली होती.

मग त्यानं लग्नाचं विचारलं. मावशी म्हणाली, "दोन वर्षं थांब, बहिणीचं शिक्षण होऊ दे." बहीण म्हणजे माझी आई. तो म्हणाला, "तुझं नेहमी थांबच असतं." ती म्हणाली, "मग नको थांबूस." झालं. एवढ्यावरून दोघांनी बोलणं टाकलं. समोरासमोर बसून सात दिवस एक अवाक्षर नाही. कामाचे आकडे तेवढे. ती म्हणायची, "दीड कमी." तो म्हणायचा, "हं."

"त्या आठवड्यात सगळेच आकडे तसे येत होते," मावशी म्हणाली. "दीड कमी, सव्वा कमी, दीड कमी. आम्हाला वाटलं आतले भाग नवीन आलेत म्हणून असेल. त्यात कारखान्याच्या लेन्सा अडकल्या होत्या कुठं तरी, आमच्या लेथवाल्यानंही अशाच जोडरिंगा करून दिल्या होत्या. दुसऱ्याच कुणाच्या तरी लेन्सा लावून तपासत होतो."

मधली सुट्टी सोडून त्या सात दिवसांत साडेचारशे कॅमेरे गेले. पुढच्या सोमवारी त्यानं पाळी बदलून घेतली. दीड-दोन महिन्यांनी कॅमेरे परत यायला लागले. सगळे फोटो पांढरे, दीड स्टॉप जास्त. साहेबांनी चार उघडून बघितले तर आतले स्क्रू गरजेपेक्षा कितीतरी जास्त फिरवलेले. स्क्रू फिरवणारा कोण, तर तो. त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "माझी चूक आहे," आणि त्याच दिवशी सामान उचलून गेला. मावशी फाटकाशी उभी होती. तो मागच्या दारानं गेला.

"एवढा राग होता त्याला माझा," मावशी म्हणाली, "की सात दिवस काम कसं केलं त्याचंही भान नव्हतं. स्वतःच्या हातानं नोकरी घालवली. मला सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी कुठं नाही म्हणाले होते? थांब म्हणाले होते." ती पट्टी परत बसवायला लागली आणि तिसरा स्क्रू काही केल्या बसेना. "अडतीस वर्षं झाली. मला दुसरं काही नको. तो न सांगता का गेला तेवढं कळलं असतं ना, तर बरं झालं असतं गं."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्या घरात ती पद्धत नाही. मी स्क्रू बसवून दिला.

"नंबर सांगतोय, हा कॅमेरा त्या साडेचारशेतला," ती म्हणाली. "त्यानं किती चूक केली होती ते मला मोजायचंय. आत्ताच्या आत्ता. तुझ्याकडे लेन्सा किती आहेत?"

तीन होत्या. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, तिन्हींना जोडरिंग चालायची. पण दिवसाचा उजेड हवा होता आणि मला सुट्टी, म्हणून येत्या रविवारी सकाळी आम्ही बाहेरच्या खोलीत दुकान मांडलं. समोर पांढरी भिंत, पाठीमागे मोठी खिडकी. कॅमेऱ्यात रोल नाही, नुसतं शटर ऐकायचं. माझ्या फोनमधल्या मीटरनं भिंतीचा उजेड मोजला. लेन्सचं भोक आठवर ठेवलं (आकडा जेवढा मोठा तेवढं भोक लहान) तर शटर एक अष्टमांश सेकंद उघडायला हवं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावून बटण दाबायचं आणि मावशीनं खुर्चीत डोळे मिटून ऐकायचं, अशी वाटणी.

पहिली लेन्स. खट्... टक. "सेकंदाचा आठवा भाग हवा होता, हा तिसरा झाला," मावशी म्हणाली. "दीड जास्त." तुम्हाला सांगते, मी फोनवर आवाज टिपून नंतर मोजला, बाईचं बरोबर होतं. दुसरी लेन्स. "दीड जास्त." तिसरी. "दीड जास्त. आता सांग, रिंगेचा दोष आहे? तीन घरच्या तीन लेन्सा एकच खोटं कसं बोलतील?"

मी हात टेकले. तरी तिचं समाधान होईना. पुन्हा लाव, पुन्हा दाब. एकदा लेन्स अकरावर, एकदा सोळावर, मग परत आठवर. तासाभरानं माझा खांदा भरून आला. मी चार जाड पुस्तकं स्टुलावर रचली, त्यावर कॅमेरा ठेवला, भिंतीकडे तोंड करून, आणि चहाचा कप घेऊन बाजूला बसले. आता बाजूनं नुसतं बोट पुढं करून बटण दाबायचं. सोपं काम.

खटक.

मावशीनं डोळे उघडले. "काय केलंस?"

"कुठं काय केलं?"

"आठवा वाजला. बरोबर वाजला. कशाला हात लावलास?"

"अगं, कशाला नाही लावला! चहा पितेय मी!"

"पुन्हा दाब."

पुन्हा दाबलं. पुन्हा आठवा. मी उठून डोळा लावला आणि दाबलं, तर खट्... टक, तिसरा. बाजूला झाले, तर आठवा. मी म्हटलं, कॅमेऱ्याचं डोकं फिरलंय, जुना झालाय, सर्किटात काहीतरी हलतंय. माझी बडबड चालूच होती आणि मावशी खुर्चीतून उठून कॅमेऱ्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं मागच्या काचेवर, म्हणजे जिला डोळा लावून बघतात त्या काचेवर, अंगठा ठेवला आणि बटण दाबलं. तिसरा. अंगठा काढला. आठवा. अंगठा ठेवला. काढला. असं किती वेळा केलं असेल कोण जाणे. नंतर ती खिडकीकडे वळून बघत राहिली आणि मला तिच्या चेहऱ्याची भीती वाटली.

"मावशी, काय झालं?"

"मागून उजेड शिरतो," ती म्हणाली. "खिडकीचा. या काचेतून आत शिरतो आणि मोजणीत मिसळतो. कॅमेऱ्याला वाटतं, भरपूर उजेड आहे, आणि तो शटर लवकर मिटतो. मग तपासणारीला वाटतं, कमी पडतंय. ती ओरडते, दीड कमी. समोरचा स्क्रू फिरवतो." ती खाली बसली. "त्यानं चूक केलीच नाही गं. मी सांगितलं तेवढाच फिरवला. माझाच आकडा खोटा होता."

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं, शांतपणे, वर्गात शिकवावं तसं. तपासताना मागच्या काचेला काळी टोपी लावायची असा नियम होता. तिची खिडकी पाठीमागे, म्हणून तर जास्तच. पण टोपी लावा, काढा, लावा, काढा, सत्तर वेळा कोण करणार? मावशी टोपीऐवजी स्वतःचा डोळाच लावायची. डोळा चिकटवून बटण दाबायचं, काम झालं. साहेबांनाही चालायचं. शिवाय कारखान्याची लेन्स पूर्ण उघडी ठेवून तपासायचे, तेव्हा पुढून एवढा उजेड यायचा की मागून थोडा शिरला तरी काट्याला पत्ता लागायचा नाही. त्या एका आठवड्यात परक्या लेन्सा होत्या, त्या सोळावर मिटून तपासायला सांगितलं होतं. पुढून येणारा उजेड अगदी थोडा, मागून येणारा त्याच्या जवळजवळ दुप्पट. तिथं फरक पडला.

"पण तू डोळा लावायचीस ना? मग उजेड शिरला कुठून?"

तिनं मागची काच पदरानं पुसली. "त्या आठवड्यात नव्हते लावत," म्हणाली. "लांब बसून दाबत होते."

मला वाटलं, रागात होती, कामात लक्ष नव्हतं. मी जास्त खोदलं नाही.

पुढचे चार दिवस घरात तिचा आवाज नव्हता. आमटी आळणी झाली तरी एक शब्द नाही. मी दुकानातून भांडून आले, चपला आपटल्या, तरी तिनं वर बघितलं नाही. पाचव्या दिवशी माझाच धीर सुटला. "असं कुढत बसण्यापेक्षा त्याला सांगून टाक. जिवंत असेल तर ऐकेल."

"जिवंत आहे," ती म्हणाली. "पॅकिंगवालीकडे नंबर आहे. तिच्याकडे सगळ्यांचेच असतात."

"मग लाव की!"

"आणि काय सांगू? तुझी नोकरी मी घालवली, आता कॅमेरा दुरुस्त झाला?"

मी चिडले. "नको सांगूस. पण मग रोज उठून ते तोंड मला दाखवू नकोस." असं बोलायला नको होतं, पण बोलले. आणि माझ्या बोलण्यानं म्हणा, नाही तर तिचं आधीच ठरलं होतं म्हणून म्हणा, दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पॅकिंगवालीला फोन केला. अर्धा तास त्या बाईनं तिला सोडलं नाही. तो दुसऱ्या गावी मुलाकडे राहतो, बायको आहे, दोन नाती आहेत, भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करतो, दाढ काढलीय, सगळं सांगितलं. नंबर शेवटी दिला.

संध्याकाळी मी घरी आल्यावर मावशीनं काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं, चष्मा पुसला, खुर्ची फोनजवळ ओढली आणि मला म्हणाली, "मोठ्यानं ऐकू येईल असं कर. माझ्या एकटीच्यानं ऐकवणार नाही." मी स्पीकर लावला.

फोन एका बाईंनी उचलला. मावशी म्हणाली, "त्यांना द्या जरा. कारखान्यातून बोलतेय."

कारखाना बंद होऊन तीस वर्षं झाली होती. पण तिला दुसरं काही सुचलंच नाही.

"अहो," पलीकडे बाई ओरडल्या, "तुमचा फोन आहे. कुठल्याशा कारखान्यातून." मग पावलं, खुर्ची सरकली, कुणीतरी खाकरलं. "बोला."

"मी बोलतेय."

तिकडे खुर्ची करकरली.

"पावकी?" तो म्हणाला.

"हं."

"बोल."

कागदावर तिनं एवढं लिहिलं होतं, त्यातलं काही वाचलं नाही. "ते साडेचारशे कॅमेरे. तुझी चूक नव्हती. माझी होती. मागची काच उघडी होती, मागून उजेड शिरत होता. मला आत्ता कळलं. मागच्या रविवारी."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. जणू मीच त्याला आधी फोन करून सांगितलं होतं!

"साहेबांनी परत आलेला एक कॅमेरा माझ्या हातात दिला होता," तो सांगत होता. आवाज म्हातारा, पण सावकाश, एकेक शब्द नीट ठेवणारा. "मी गेलो त्याच्या आदल्या दिवशी. तुझी पाळी संपून तू घरी गेली होतीस, खिडकीत अजून उजेड होता. तीच परकी लेन्स सोळावर ठेवून मी तुझ्या टेबलावर लावून बघितला. टोपी घातली, दीड जास्त. टोपी काढली, बरोबर. तेव्हाच कळलं."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार?"

"की हिचा आकडा चुकला म्हणून! माझी नोकरी गेली असती तर गेली असती. तू का गेलास?"

"चार वर्षं तुला बघत होतो मी," तो म्हणाला. "एकदाही तू काच उघडी ठेवली नव्हतीस. नेमकी त्याच आठवड्यात ठेवलीस आणि मला आकडे देत राहिलीस, दिवसाला सत्तर. मी काय समजायचं? मला वाटलं, तू मुद्दाम केलंस. मी समोर नको होतो तुला. म्हटलं, नको तर नको. म्हणून गेलो."

मला तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं. अडतीस वर्षं या माणसानं हे मनात धरून घड्याळं दुरुस्त केली होती! आणि इकडे ही बाई, तो रागात निघून गेला असं समजून आमटीत मीठ जोखत बसली होती. मला दोघांचाही राग आला.

मावशी मात्र ओरडली नाही. "मुद्दाम?" एवढंच म्हणाली. मग, "अरे, रडत होते मी. काचेला डोळा लावला की काच ओली व्हायची. पुसायची, की पुन्हा ओली. किती वेळा पुसणार? म्हणून लांब बसून दाबायला लागले."

पलीकडे घड्याळं होती. कितीतरी. टिकटिक ऐकू येत होती, एकमेकांत न मिसळणारी.

"सात दिवस?" त्यानं विचारलं.

"सात दिवस."

"मी समोरच बसलो होतो की गं."

"होतास ना. खाली मान घालून. एकदा जरी वर बघितलं असतंस, तर दिसलं असतं."

दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. फोनच्या पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते. मावशी डोळे मिटून बसली होती, कॅमेऱ्याचा आवाज ऐकताना बसते तशी. मी उठून आत जावं की काय असं मला वाटलं, पण हललं तरी आवाज होईल म्हणून जागची हलले नाही. तिकडे लांबून त्या बाईंची हाक आली, "अहो, ताट वाढलंय, येताय ना?"

"जा," मावशी म्हणाली. "जेवण गार होईल."

"होऊ दे," तो म्हणाला.